वाचक येत नाही म्हणण्याआधी तालिका उघडून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जवळ आला की महाविद्यालयीन ग्रंथालयांवरची बातमी ठरलेली असते. रिकामी अभ्यासिका, धूळ बसलेली कपाटे, मोबाइलमध्ये मान घातलेली पोरे आणि शेवटी वाचनसंस्कृती लोपल्याची हळहळ. छायाचित्र खोटे नसते, पण दोष वाचकाच्या माथी मारण्याची घाई होते. विदर्भातल्या तालुक्याच्या आणि त्याहून लहान गावांतल्या महाविद्यालयांत विद्यार्थी येतो, पुस्तक विचारतो, ते सापडत नाही आणि तो परत जातो. पुस्तक बहुतेकदा आतच असते. ते का सापडत नाही याची कारणे तांत्रिक आहेत, दुरुस्त होण्यासारखी आहेत, आणि त्यांवर फारसे कुणी लिहीत नाही. म्हणून आम्हा काही ग्रंथपालांचे हे पत्र जरा लांबले आहे.

संगणकीकरण झाल्याचे जवळपास प्रत्येक महाविद्यालय सांगते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालातही तसे लिहिलेले असते. सोल किंवा कोहा ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली बसवलेली असते, बारकोड चिकटवलेले असतात, देवघेव स्कॅनरने होते. एवढ्याने पुस्तकांचा हिशेब नीट लागतो. शोध ही निराळी गोष्ट आहे, आणि तो तालिकेत, म्हणजे ग्रंथांच्या सूचीत, घ्यावा लागतो.

कोणत्याही ग्रंथालयाच्या शोधपडद्यावर ‘वऱ्हाड’ हा शब्द टाकून पाहावा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, तो किमान तीन तऱ्हांनी साठवलेला सापडतो. पहिल्या तऱ्हेत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून पुढे हलन्त आणि ‘ह’ येतो. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह असते. तिसरीत ते जोडचिन्ह टाकायचे राहून गेलेले असते, म्हणून रफार होऊन ‘वर्हाड’ उमटते. पहिली दोन रूपे पडद्यावर सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. नोंद करणाऱ्याने एक कळफलक वापरला आणि शोधणाऱ्याच्या मोबाइलमध्ये दुसरा असला, की उत्तर ‘एकही नोंद सापडली नाही’. वऱ्हाडातल्याच ग्रंथालयात वऱ्हाडी बोलीवरचे पुस्तक मिळत नाही, ते अशाने.

‘ॲ’ची तीच गत. या अक्षराला युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली, स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधीच्या नोंदींत ‘अ’वर चंद्र जोडून काम भागवलेले असते, आणि काही ठिकाणी ‘ए’वर चंद्र दिलेला ‘ऍ’ असतो. कृषी, वाणिज्य आणि संगणक या विषयांत ‘ॲग्रो’, ‘ॲडव्हान्स’, ‘ॲकाउंट’ असे शब्द किती येतात ते पाहिले म्हणजे नुकसान किती होते याचा अंदाज येईल. दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक संग्रहात घेताना त्याला दिलेले क्रमांक, कधी देवनागरी अंकांत तर कधी इंग्रजी अंकांत टाकलेले असतात, त्यामुळे एकाच रॅकमधली पुस्तके यादीत दोन ठिकाणी विखुरतात.

त्याहून जुना घोळ फॉन्टचा. युनिकोडच्या आधी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेल्या याद्या नंतर रूपांतरकातून काढून प्रणालीत ओतल्या गेल्या. त्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने टंकली जायची, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडचा क्रम उच्चाराचा आहे. साध्या अक्षराला रूपांतरक हा फेर बरोबर लावतो, जोडाक्षर आले की चुकतो. ‘स्थिती’, ‘शक्तिमान’, ‘वर्तमान’, ‘मूर्ती’ या वळणाचे शब्द तालिकेत तपासावेत. ते बिघडलेले दिसले तर बाकीची यादीही पुन्हा वाचावी लागणार हे धरून चालावे.

आणि शुद्धलेखन. शासनाने १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम स्वीकारले. त्याआधीच्या पुस्तकांच्या नावांत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘मराठ्यांचीं’ अशी अनुस्वारांची पखरण असते. तालिकेचा नियम असा की मुखपृष्ठामागच्या शीर्षकपानावर जसे छापले तसे मार्क या ग्रंथनोंदीच्या ठरीव नमुन्याच्या २४५ क्रमांकाच्या रकान्यात लिहायचे. नियम योग्य आहे, पण आजचा विद्यार्थी अनुस्वार देऊन शोधणार नाही. त्यासाठीच २४६ क्रमांकाचा रकाना आहे, शीर्षकाचे दुसरे रूप नोंदवायला. तिथे आजच्या लेखनातले रूप दिले की दोन्हीकडून पुस्तक सापडते. जुन्या संग्रहांच्या नोंदींत हा रकाना बहुधा कोरा असतो, कारण नोंदणीचे काम पुस्तकामागे दर ठरवून बाहेरच्या संस्थेला दिलेले असते आणि त्या दरात २४५ च्या पुढे जायला कुणाला परवडत नाही.

लेखकांच्या नावांचे काय होते ते नागपूरच्या कवी ग्रेस यांच्यावरून पाहावे. काही नोंदी ‘ग्रेस’, काही ‘गोडघाटे, माणिक’, काही ‘माणिक गोडघाटे’, आणि एखादी इंग्रजी लिपीत. लेखकनामांची एक अधिकृत फाइल ठेवून, तिच्यात १०० क्रमांकाच्या रकान्यात एक मान्य रूप आणि ४०० मध्ये बाकीची रूपे दिली, की विद्यार्थ्याने काहीही टाकले तरी तो एकाच जागी पोचतो. टोपणनावांची मराठीत रेलचेल असताना ही फाइल नसणे म्हणजे संग्रह कुलपात ठेवण्यासारखेच आहे.

हे सगळे दुरुस्त करायला नवी प्रणाली विकत घ्यावी लागत नाही. आधी संपूर्ण संग्रहाची प्रत मार्क नमुन्यात बाहेर काढावी आणि ती दोन ठिकाणी जपून ठेवावी. मग एक पानी नियमपत्र लिहावे. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ कसे लिहायचे, ‘ॲ’ कोणता, अंक कोणते, आडनाव आधी की नाव, हे त्यात ठरवून घ्यावे. ‘मार्कएडिट’ या मोफत साधनात शोधा-बदला पद्धतीने हे नियम सर्व नोंदींना लावता येतात. लेखकांची यादी ‘ओपनरिफाइन’मध्ये टाकली की मिळतीजुळती नावे गटाने समोर येतात. मात्र एकत्र करण्याआधी प्रत्येक गट माणसाने पाहायलाच हवा, नाहीतर दोन निरनिराळे देशमुख एक होतात. प्रथम पन्नासेक नोंदी परत टाकून तपासाव्यात, मग सगळ्या. परत टाकताना जुळणी प्रणालीतल्या नोंदक्रमांकावर ठेवावी, आयएसबीएन या पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावर नको, कारण मराठीतल्या जुन्या पुस्तकांना तो नसतोच आणि मग एकेका पुस्तकाच्या दोन-दोन नोंदी होतात. कोहा वापरणाऱ्यांनी झेब्रा या शोधयंत्रणेची मांडणी आयसीयू या युनिकोड जाणणाऱ्या पद्धतीवर आहे ना, हे पाहावे. ती मूळच्या रोमन लिपीच्या मांडणीवर राहिली तर देवनागरीचे शब्द नीट तोडले जात नाहीत. बदल केल्यावर शोधासाठीची संपूर्ण शब्दसूची नव्याने बांधावी लागते, आणि तेच विसरले जाते.

घात होतो तो एक्सेलमध्ये. स्वल्पविरामांनी तोडलेली फाइल दोनदा टिचकी मारून उघडली तर देवनागरीची प्रश्नचिन्हे किंवा चित्रविचित्र अक्षरे होतात, दाखल क्रमांकाची सुरुवातीची शून्ये उडतात आणि तेरा आकडी आयएसबीएनचे ‘९.७८ई+१२’ होऊन बसते. तशीच फाइल जतन केली की गेलेले परत येत नाही. ‘डेटा’ या टॅबमधून यूटीएफ-८ निवडून आणि सर्व रकाने ‘टेक्स्ट’ ठरवूनच ती आत घ्यावी.

वर्गीकरणाविषयी थोडक्यात. पुस्तकांना विषयानुसार अंक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ वर येते, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी-कथा ८९१.४६३. १८७६ साली अमेरिकेत छापलेल्या या पद्धतीत मराठीला दशांशानंतरची जागा मिळाली, त्यामुळे मराठी कथा-कादंबऱ्यांची सगळी रॅक एकाच अंकाखाली येते आणि पुस्तक शोधण्याचा सारा भार ग्रंथकार चिन्हावर, म्हणजे अंकाखाली लिहिलेल्या लेखकाच्या खुणेवर, पडतो. आडनावाची पहिली तीन अक्षरे एवढेच चिन्ह ठेवले, तर पाटील, देशमुख, राऊत आणि ठाकरे यांच्या गर्दीत पुस्तक हरवलेच समजा. आडनावाला नावाचे आद्याक्षर आणि शीर्षकाचे आद्याक्षर जोडले की प्रश्न बराचसा सुटतो.

आता इलेक्ट्रॉनिक साधनांकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट योजना महाविद्यालयांसाठी आहे. अनुदानित महाविद्यालयाला थोड्या वार्षिक शुल्कात नियतकालिके आणि पुस्तके मोठ्या संख्येने मिळतात. एका बऱ्या संदर्भकोशाच्या किमतीत एवढे मिळत असताना वापर नगण्य का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. कारण सदस्यत्व महाविद्यालयाचे असले तरी प्रवेश प्रत्येक विद्यार्थ्याच्या स्वतंत्र लॉगिनने होतो, आणि ते लॉगिन ग्रंथपालाला दरवर्षी तयार करावे लागते. विद्यार्थ्यांची यादी ईमेलसह चढवायची, उत्तीर्ण होऊन गेलेल्यांची नावे काढायची, नव्यांची घालायची. ईमेलमध्ये एक टिंब चुकले की पासवर्ड कुणालाच जात नाही. बरोबर असला तर तो स्पॅममध्ये पडतो. पुष्कळ विद्यार्थ्यांचा ईमेल नेटकॅफेवाल्याने शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी उघडलेला असतो आणि त्याचा पासवर्ड विद्यार्थ्याजवळ नसतो. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. प्रवेश अर्जातच चालू ईमेलचा रकाना ठेवायचा, जुलै-ऑगस्टमध्ये एकेक वर्ग संगणक प्रयोगशाळेत बसवून प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पहिल्यांदा लॉगिन करायला लावायचे, आणि एखादा लेख मोबाइलवर उतरवून झाल्याशिवाय उठू द्यायचे नाही.

मग भाषेची अडचण येते. कला शाखेचा विद्यार्थी ‘महिला बचत गट’ शोधतो आणि हाती काही लागत नाही, कारण तिथला मजकूर इंग्रजीत आहे आणि तिथे त्याला ‘सेल्फ हेल्प ग्रुप’ म्हणतात. ‘कोरडवाहू शेती’, ‘ग्रामसभा’, ‘पेसा’, ‘वनहक्क’, ‘कर्जमाफी’ अशा शंभरेक शब्दांची मराठी-इंग्रजी यादी प्रत्येक विभागाने ग्रंथपालासोबत बसून केली आणि ती अभ्यासिकेत लावली, तर एखाद्या कार्यशाळेपेक्षा अधिक उपयोग होईल. प्रबंधांसाठी शोधगंगा आणि शेतीविषयक प्रबंधांसाठी कृषिकोश हे दोन्ही विनामूल्य आहेत, पण ते आहेत हे पोरांना सांगावे लागते. शोधगंगेत मराठी प्रबंधाचे शीर्षक देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत टाकून पाहावे.

‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेची फार चर्चा झाली. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. पण तिचा पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांसाठी आहे. ग्रामीण विदर्भातली बहुतांश महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत, हे ध्यानात घेऊन प्राचार्यांनी ‘आता एन-लिस्टची गरज काय’ असे म्हणण्याआधी आपले नाव त्या यादीत आहे का ते पाहावे.

प्राध्यापकांच्या संशोधनातही ग्रंथपालाचे काम वाढले आहे आणि ते कुणाच्या खिजगणतीत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने केअर ही नियतकालिकांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. नियतकालिक बरे की फसवे हे ठरवण्याची जबाबदारी आता संस्थेवर आली. बाजारात तर ‘तीन दिवसांत छापून देऊ’ म्हणणाऱ्यांची रांग आहे. त्यांचा आवडता पुरावा आयएसएसएन. नियतकालिकाचा हा आठ अंकी क्रमांक ओळखीचा असतो, गुणवत्तेचा नसतो, आणि तोही कधीकधी बनावट निघतो. आठ अंकांपैकी पहिल्या सातांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करायची, ११ ने भागायचे आणि बाकी ११ मधून वजा करायची. येईल तो आठवा अंक. बाकी शून्य असेल तर आठवा अंक शून्य, आणि वजाबाकी १० आली तर तिथे एक्स. ०३१७-८४७१ घ्या. बेरीज १२०, बाकी १०, म्हणून शेवटी १. गणित चुकले तर क्रमांक खोटाच. जुळले तरी आयएसएसएनच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकापुढचे नाव आणि प्रकाशक पडताळावा, कारण बंद पडलेल्या चांगल्या नियतकालिकाचा क्रमांक उचलून दुकान मांडणारे आहेत. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा दुवा, खरोखर उघडतो का, संपादक मंडळातल्या व्यक्तींच्या विद्यापीठाच्या पानावर त्या नियतकालिकाचा उल्लेख आहे का, आणि ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे लेखांचे संदर्भ सरासरी किती घेतले जातात याचा आकडा, कुणी दिला आहे, हेही पाहावे. तो क्लॅरिव्हेट ही एकच कंपनी देते. बाकीचे ‘ग्लोबल’, ‘इंटरनॅशनल’ फॅक्टर विकतचे. नियतकालिक अर्थशास्त्रापासून प्राणिशास्त्रापर्यंत सगळे छापत असेल, तर अधिकच सावध राहावे. एवढे केले तर एका लेखाला अर्धा तास लागतो, पण तो अर्धा तास कुणाच्या कामाच्या तक्त्यात नसतो.

आता कपाटांकडे वळू. बातमीतली धूळ त्यांच्यावरचीच असते. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा १९७९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आमच्या क्षेत्रात गाजला. एका वर्षात घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही देवघेवीत गेली नव्हती. श्रीमंत ग्रंथालयात ही स्थिती, तर मार्च अखेरीस अनुदान संपवायला पुस्तके घेणाऱ्या महाविद्यालयांत काय असेल? त्यात अभ्यासक्रम बदलतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीचे विषय आणि श्रेयांक बदलले, आणि जुन्या क्रमिक पुस्तकांच्या वीस-तीस प्रती जागेवर राहिल्या. डोळ्यांसमोरची रॅक त्यांनी भरलेली आणि कामाची पुस्तके वरच्या फळीवर.

ती काढत का नाहीत? भीतीने. दाखल नोंदवहीतला प्रत्येक क्रमांक ग्रंथपालाच्या नावावर असतो, निवृत्तीच्या वेळी प्रभार देताना एकेक मोजला जातो आणि कमी भरले तर वसुलीची टांगती तलवार. म्हणून पुस्तके कुलपात ठेवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो. केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम पाहिले तर ही भीती अनाठायी आहे असे दिसेल. त्यातल्या नियम २१५ नुसार वर्षभरात देवघेवीत आणि वाचनात गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाचांपर्यंतची गळती वाजवी मानली जाते, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. एक हजार रुपयांवरचे किंवा कोणत्याही किमतीचे दुर्मिळ पुस्तक गेले तर मात्र चौकशी होतेच. पडताळणीचेही त्यात स्पष्ट आहे: २०,००० ग्रंथांपर्यंत दरवर्षी पूर्ण, २०,००० ते ५०,००० असतील तर तीन वर्षांतून किमान एकदा, त्याहून अधिक असतील तर नमुना पडताळणी. हे नियम केंद्राच्या कार्यालयांचे असले तरी महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीला ठराव करून तेच प्रमाण स्वीकारता येते. असा ठराव नसेल तर ग्रंथपालाने खुली कपाटे ठेवावीत ही अपेक्षा करू नये.

निर्लेखनाला, म्हणजे न लागणारी पुस्तके संग्रहातून रद्द करायला, शास्त्रशुद्ध पद्धत आहे. महिनाभर देवघेवीला आलेल्या प्रत्येक पुस्तकाची त्याआधीची देवघेवीची तारीख टिपायची. दोन तारखांतले अंतर काढून ती अंतरे क्रमाने लावायची. समजा, शंभरातल्या पंचाण्णव पुस्तकांचे अंतर चार वर्षांच्या आत आले, तर चार वर्षांत न हललेली पुस्तके काढली तरी पंचाण्णव टक्के मागणी शाबूत राहते. या यादीतून संदर्भग्रंथ, विदर्भाविषयीचे साहित्य आणि एकमेव प्रती वगळायच्या, विभागप्रमुखांच्या सह्या घ्यायच्या, समितीचा ठराव करायचा, दाखल नोंदवहीच्या शेऱ्यात ठराव क्रमांक लिहायचा आणि पुस्तकावर ‘रद्द’चा शिक्का मारायचा. प्रणालीतली नोंद पुसायची नाही, ‘निर्लेखित’ अशी स्थिती द्यायची. पुसली की पुढच्या लेखापरीक्षणात तो क्रमांक ‘गहाळ’ होतो.

ऊन आणि पाऊस यांचाही हिशेब हवा. थेट उष्णतेने छापणाऱ्या कागदावरचा बारकोड आमच्याकडच्या पत्र्याच्या छताखाली दोन-तीन उन्हाळ्यांत फिका पडतो. रिबन वापरून छापलेला आणि वरून पारदर्शक पट्टी लावलेला टिकतो. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. रॅक भिंतीपासून वीतभर पुढे आणि खालची फळी जमिनीपासून किमान चार बोटे वर असावी. वाळवीसाठी वरवर फवारणी करून पैसे वाया जातात, कारण ती भिंत आणि फरशीच्या सांध्यातून येते. भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात उभ्या इमारतीसाठी १२ मिलिमीटरची छिद्रे ३० सेंटिमीटर अंतरावर पाडून द्रावण आत भरण्याची पद्धत दिली आहे. कंत्राटदाराला तीच लिहून द्यावी.

हे सारे करायला माणूस लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार महाविद्यालयीन ग्रंथपालाला ग्रंथालयशास्त्रात ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट, अथवा नियमात बसणारी पीएच.डी. लागते. वेतनस्तर १०, म्हणजे सहायक प्राध्यापकाइतकाच. पात्रता शिक्षकाची, पण काम कारकुनाचे समजले जाते. ग्रंथपाल निवृत्त झाला की पद वर्षानुवर्षे रिकामे राहते, प्रभार एखाद्या प्राध्यापकाकडे जातो आणि देवघेव परिचर सांभाळतो. देवघेव चालू असल्यामुळे ग्रंथालय चालू आहे असे दिसते. तालिका, लॉगिन आणि निर्लेखन त्या दिवसापासून थांबलेले असतात. जिथे ग्रंथपाल आहे तिथेही नॅकच्या फाइली, परीक्षेची पर्यवेक्षणे आणि मतदारयादीचे काम त्याच्याच टेबलावर येऊन पडते.

या अवस्थेला आमचे संशोधनही थोडे जबाबदार आहे, हे बोलायला हवे. ग्रंथालयशास्त्रातल्या कितीतरी प्रबंधांचा साचा एकच: अमुक जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक साधनांचा वापर, एक प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते आणि ‘प्रशिक्षणाची गरज आहे’ हा निष्कर्ष. प्रश्नावलीत विद्यार्थी ‘नेहमी वापरतो’वर खूण करतो, कारण समोर ग्रंथपाल उभा असतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे. वेळ मोजता येतो. अमरावती, नागपूर आणि गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांतल्या मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यांना मोजण्याचे विषय द्यावेत. दहा महाविद्यालयांच्या तालिकेत ‘ऱ्ह’ आणि ‘ॲ’ असलेली शीर्षके किती रूपांत आहेत आणि शोध किती वेळा फसतो? मागितलेले पुस्तक संग्रहात असूनही न सापडण्याचे प्रमाण किती? यासाठी देवघेवीच्या टेबलावर ‘मागितले, मिळाले नाही’ अशी एक वही पुरते. तारीख, विद्यार्थ्याच्याच शब्दांत मागणी, आणि संध्याकाळी तपासून कारण: घेतलेच नाही, बाहेर गेले आहे, जागा चुकली, नोंद चुकली. एक सत्र ही वही प्रामाणिकपणे भरली तर प्रश्नावलीपेक्षा जास्त कळेल, आणि पुढच्या वर्षीची खरेदीची यादीही तिच्यातूनच निघेल.

शेवटचा विषय आपल्या वाचकांच्याही हातातला आहे. वडसा परिसरातल्या झाडीपट्टी नाटकांची हस्तपत्रके, सहकारी जिनिंग-प्रेसिंगचे वार्षिक अहवाल, बंद पडलेली स्थानिक साप्ताहिके, गावोगावच्या स्मरणिका, गोंडी आणि झाडीबोलीतल्या छोट्या पुस्तिका हे साहित्य इंटरनेटवर क्वचितच मिळते. ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आले तर नव्या अभ्यासक्रमातल्या क्षेत्रप्रकल्पांना खरी सामग्री मिळेल. जपणुकीसाठी ३०० डीपीआयवर प्रतिमा घेतात आणि टेसरॅक्ट हे मोफत साधन छापील मराठी मजकूर वाचून शोधण्याजोगा करते. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क असतो. १९६४ साली निधन झालेल्यांचे लेखन १ जानेवारी २०२५ पासून मुक्त झाले. साठ वर्षे पुरी न झालेल्यांचे जाळ्यावर टाकायचे तर वारसांची लेखी परवानगी हवी.

घर आवरताना असे काही निघाले तर रद्दीत देण्याआधी जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला कळवावे. सोबतच्या चिठ्ठीत कुणाच्या संग्रहातले, कोणत्या गावचे, अंदाजे साल आणि महाविद्यालयाला ठेवून घ्यायला हरकत आहे का, एवढे लिहावे. पाने पिनांनी किंवा सेलोटेपने जोडू नयेत, दोन्हींचे डाग पडतात. गठ्ठ्याला वाळवी किंवा कसर लागली असेल तर तसे आधीच सांगावे, म्हणजे तो थेट कपाटाजवळ न नेता वेगळ्या खोलीत उघडता येईल.

आपले,
ग्रामीण विदर्भातील काही महाविद्यालयीन ग्रंथपाल